भूमितीय आकृती आणि 'इंटरफेस'ची संकल्पना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील इंटरफेस शिकविताना भूमितीय आकृतींचे उदाहरण बहुधा घेतले जाते. वर्तुळ, आयत व त्रिकोण यांचे स्वतंत्र क्लास लिहून प्रत्येकास क्षेत्रफळ विचारले जाते. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो. मात्र प्रश्न एक व रीती अनेक, ही विभागणी का करावी लागली, हे त्याला उमगतेच असे नाही. जालना जिल्ह्यातील अध्यापकांना या संदर्भात शेजारच्याच प्रदेशातील गणितपरंपरेचा आधार घेता येतो.

'लीलावती'तील क्षेत्रव्यवहार :
जालन्याच्या उत्तरेस असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण हे गाव आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आढळते. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता.

इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'च्या क्षेत्रव्यवहारात क्षेत्रफळाचा प्रश्न सर्व आकृतींना समान आहे, रीती मात्र भिन्न आहेत. त्रिकोणासाठी पाया व लंब यांच्या गुणाकाराचे अर्ध, तर वर्तुळासाठी परिघ गुणिले व्यासाचा चतुर्थांश. चौकोनाविषयी भास्कराचार्य विशेष सावध आहेत. लंब किंवा कर्ण न सांगता केवळ चार बाजूंवरून निश्चित क्षेत्रफळ मागणाऱ्यास व ते सांगू पाहणाऱ्यास ते दोष देतात. याचे कारण उघड आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५ येते. त्याचे कर्ण ३० व ४० असतील तर ते ६०० भरते.

संगणकीय भाषांचा विकास :
नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन नायगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या भाषेने क्लास व 'व्हर्च्युअल' रीती रूढ केल्या. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या आज्ञावलीस समोरची आकृती कोणती, हे जाणण्याची गरज उरली नाही. १९८९ साली सी प्लस प्लसच्या दुसऱ्या आवृत्तीत अमूर्त क्लास आले. १९९५ साली जाहीर झालेल्या जावाने 'इंटरफेस' हा स्वतंत्र शब्दच भाषेत योजला.

तथापि, रीतीचे नाव जुळले म्हणजे वचन पाळले गेले असे नाही. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात व १९९४ साली जेनेट विंग यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात याच मुद्द्याची मांडणी केली. आयताची लांबी ५ व रुंदी ४ केल्यास क्षेत्रफळ २० अपेक्षित असते. त्याच्या जागी आयतापासून निर्मिलेला चौरस ठेवला, तर रुंदी बदलताच लांबीही ४ होते आणि उत्तर १६ येते. आज्ञावली बिनतक्रार चालते, परंतु निष्कर्ष चुकतो.

निष्कर्ष :
'लीलावती' व संगणकीय भाषा यांत थेट परंपरा नाही. साम्य आहे ते विचारपद्धतीचे. उत्तर देण्याचे वचन घेणाऱ्या आकृतीजवळ त्यासाठी पुरेशी माहिती हवी, हा भास्कराचार्यांचा आग्रह. आणि ते वचन अर्थासह पाळले जावे, हा लिस्कोव्ह यांचा. अध्यापनात व्याख्येआधी चौकोनाचा प्रश्न मांडल्यास इंटरफेस ही केवळ लेखनाची सोय नसून एक उत्तरदायित्व आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.