हिंदू-तुर्क संवाद
पैठणचे संत एकनाथ (१६ वे शतक) यांचे संवादरूप काव्य. 'तुर्क' म्हणजे येथे मुसलमान. दोघे प्रथम परस्परांच्या श्रद्धांची यथेच्छ टवाळी करतात. दगडापुढे हात का जोडता, सोवळ्याचे एवढे अवडंबर कशाला, असे तुर्क विचारतो. देव सर्वत्र असताना पश्चिमेकडेच तोंड का, असा हिंदूचा उलट प्रश्न. हिंदूला मुसलमान करणे म्हणजे त्याला हिंदू घडविण्यात देव चुकला असे म्हणणे होय, हा हिंदूचा युक्तिवाद सर्वांत धारदार, कारण त्यात दोघांचा निर्माता एकच गृहीत आहे. अखेरीस ते परस्परांना आलिंगन देतात; धर्म मात्र कोणीच बदलत नाही. ऐक्याच्या भाषणांत हे आलिंगन हमखास येते, आधीची खडाजंगी बहुधा गाळली जाते.