'खुकरी'चे कान आणि 'खुकरी'चा हात : एका फ्रिगेट वर्गाची रचना व युद्धकथा

१/
९ डिसेंबर १९७१. रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर भारतीय नौदलाची 'खुकरी' ही फ्रिगेट पाणतीराच्या आघाताने काही मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. तिच्या कप्तानाच्या धैर्याची कथा अनेकांना ठाऊक असते. ही नौका मुळात कोणत्या युद्धासाठी बांधली होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या धाग्यात त्याचा मागोवा घेऊ.

२/
दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकवरील ब्रिटिश व्यापार जेरीस आणला होता. युद्धानंतर ब्रिटिश आरमाराला धास्ती होती ती सोव्हिएत पाणबुड्यांची. व्यापारी ताफ्यांच्या रक्षणासाठी नौका पुष्कळ हव्या होत्या आणि पैसा अपुरा होता. त्यातून 'ब्लॅकवुड' अथवा 'टाइप १४' हा लहान, स्वस्त फ्रिगेट वर्ग जन्मला. ब्रिटनने स्वतःसाठी अशा १२ नौका बांधल्या. भारताने ३ घेतल्या : 'खुकरी', 'कृपाण' आणि 'कुठार'. 'खुकरी' १९५८ मध्ये नौदलात दाखल झाली.

३/
लांबी सुमारे ९४ मीटर, वजन साधारण १,२०० टन, वेग सुमारे २७ नॉट. खर्च वाचवण्यासाठी पंखा एकच. तोफा म्हणाल तर ४० मिलिमीटरच्या तीन बोफोर्स. खरे शस्त्र म्हणजे 'लिंबो' या तीन नळ्यांच्या दोन उखळी तोफा. सोनारने पाणबुडीचा ठाव लावायचा आणि तिच्या भोवती पाण्याखाली फुटणारे बाँब फेकायचे, ही पद्धत. 'लिंबो'चा पल्ला जेमतेम ९०० मीटर होता.

४/
काटकसरीने नौका बांधण्याची वेळ इतरांवरही आली होती. १९४४ मध्ये जपानने घाईघाईने 'मात्सु' वर्गाच्या विनाशिका पाण्यात उतरवल्या. आकार आणि वेग जवळजवळ 'ब्लॅकवुड'इतकाच. पण जपानी रचनाकारांनी बॉयलर व इंजिन यांच्या दोन जोड्या आलटून-पालटून मांडल्या. एक जोडी पाण्याखाली गेली तरी दुसरीच्या बळावर नौका चालत राहावी, हा हेतू. शिवाय १२७ मिलिमीटरच्या तीन तोफा आणि पाणतीरांच्या चार नळ्या. स्वस्तातही काय वगळायचे, याचे उत्तर प्रत्येक आरमाराने वेगळे दिले.

५/
'ब्लॅकवुड'च्या उत्तरातील उणिवा लवकरच दिसल्या. आइसलंडजवळच्या खवळलेल्या समुद्रात गस्त घालताना तिचा हलका सांगाडा कमी पडू लागला आणि तो मजबूत करून घ्यावा लागला. मोठी उणीव मात्र पाण्याखाली होती. पाणबुड्यांचे तंत्र वेगाने पुढे जात होते.

६/
पाकिस्तानच्या 'हँगर' या पाणबुडीत तेच नवे तंत्र होते. फ्रेंच 'डाफ्ने' वर्गाची ही पाणबुडी आकाराने लहान, आवाजाने शांत आणि पाणतीरांच्या १२ नळ्यांनी सज्ज होती. नौकांचे आवाज ती कित्येक पटींनी अधिक अंतरावरून टिपू शकत असे. तिच्या पाणतीरांचा पल्लाही काही किलोमीटरचा होता. 'लिंबो'च्या टप्प्यात येण्याची तिला गरजच नव्हती.

७/
त्यात समुद्र स्वतः फसवा. बारामती-इंदापूरच्या विहिरीत उन्हाळ्यात सूर मारणाऱ्याला ठाऊक असते : वरचे पाणी कोमट आणि हातभर खाली एकदम गार. समुद्रातही असे थर असतात. थर बदलला की ध्वनिलहरी वाकतात आणि थराखाली दडलेल्या पाणबुडीपर्यंत सोनारची हाक नीट पोहोचत नाही.

८/
ही उणीव नौदलाला माहीत होती. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी लेफ्टनंट व्ही. के. जैन यांनी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एक उपकरण तयार केले होते. त्याच्या चाचण्यांसाठी ते 'खुकरी'वरच होते. नौकेचा स्वतःचा आवाज कमी असेल तरच सोनारला नीट ऐकू येते. म्हणून वेग कमी ठेवावा लागे. पण संथ नौका हे पाणबुडीचे सोपे लक्ष्य. ऐकायचे की सुरक्षित राहायचे, असा तो पेच होता.

९/
दीवजवळ पाणबुडी असल्याचे कळताच ८ डिसेंबरला 'खुकरी' आणि 'कृपाण' मुंबईहून निघाल्या. बिघाडामुळे 'कुठार' सोबत नव्हती. ९ तारखेच्या रात्री 'हँगर'ने पहिला पाणतीर 'कृपाण'वर सोडला. तो न फुटता निघून गेला. दुसऱ्याने 'खुकरी'चा घास घेतला. तिसरा 'कृपाण'ने चुकवला. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना नौका सोडायला लावले, स्वतः मात्र सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. लेफ्टनंट जैनही परतले नाहीत. ६७ जण वाचले. पुढे चार दिवस शोध घेऊनही 'हँगर' हाती लागली नाही.

१०/
'खुकरी'त 'मात्सु'सारखी यंत्ररचना असती, तर ती वाचली असती का? आघाताची तीव्रता पाहता तसे वाटत नाही. लढाईचा कौल पाणतीर सुटण्याआधीच झुकला होता, कारण शत्रूचे कान अधिक तीक्ष्ण होते आणि हात अधिक लांब. १९५० च्या दशकातील काटकसरीचा हिशेब १९७१ मध्ये माणसांनी चुकता केला. त्या माणसांना उणीव ठाऊक होती, आणि तरीही ती पाणबुडीच्या शोधात गेली. म्हणून त्यांचे शौर्य अधिक मोठे वाटते.

११/
पुढे मुंबईच्या माझगाव गोदीतून भारतात बांधलेल्या युद्धनौका बाहेर पडू लागल्या. १९७२ मध्ये 'निलगिरी' ही फ्रिगेट नौदलात आली. १९८९ मध्ये याच गोदीत बांधलेल्या नव्या कॉर्व्हेटला नाव दिले गेले 'खुकरी'. ३२ वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२१ मध्ये ती निवृत्त झाली आणि संग्रहालय होण्यासाठी दीवला सोपवली गेली.

१२/
दीवला गेलात, तर किल्ला पाहून लगेच परतू नका. टेकडीवर 'खुकरी'चे स्मारक आहे आणि समोर तोच समुद्र. तेथे उभे राहिल्यावर त्या १९४ जणांबरोबरच नौकेच्या आराखड्यावर टाकलेल्या त्या जुन्या काटछाटीचीही आठवण ठेवा.