बंब, गीझर आणि मोरीचं दार

गेल्या थंडीतली गोष्ट. पहाटे सासूबाईंनी आतून हाक मारली, "अगं, बंब लाव, पोरांच्या आंघोळी व्हायच्यात." माझा आठ वर्षांचा मुलगा अंथरुणातून उठला तो थेट खिडकीशी. आग कुठे लागली आणि बंब कुठे उभा आहे, हे त्याला बघायचं होतं! आमच्या घरातला तांब्याचा बंब मोडीत जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाईंना लावायला हवा होता तो गीझर. मुलाला माहीत असलेला बंब लाल रंगाचा आणि घंटा वाजवत जाणारा.

तसं पाहिलं तर चूक दोघांचीही नव्हती. पोर्तुगीज भाषेत 'बोम्बा' म्हणजे पाणी खेचणारा, जोरानं फेकणारा पंप. जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी उपसायला तो लागायचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकेपर्यंत उत्तर कोकणात त्यांचा अंमल होता. इतक्या वर्षांच्या शेजारात शब्द इकडून तिकडे जायचेच. आपल्या मोरीत उभं राहून नुसती नजर फिरवा. बादली हा त्यांचा 'बाल्द', पिंप म्हणजे 'पिपा', घमेलं म्हणजे 'गामेला'. गोव्याचेच सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियातल्या भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांवर मोठा ग्रंथ लिहिला. रोज हाताळतो त्या वस्तूंची नावं समुद्रावरून आलीत, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

आगीचा बंब मूळ अर्थाला धरून राहिला, कारण तो खरोखरच पाणी फेकतो. पोर्तुगालमध्ये आग विझवणाऱ्याला आजही 'बोम्बेइरू' म्हणतात आणि मुंबईची जुनी माणसं 'बंबवाला' म्हणतात. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आग विझवायला धावलेले ६६ बंबवाले गेले. म्हणून त्या तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. उत्तरेत 'बंबा' म्हणजे कुठे पाण्याचा नळ, कुठे शेताकडे जाणारा लहान कालवा.

आपला पाणी तापवायचा बंब मात्र पंप नव्हेच. तो काही फेकत नाही, खेचत नाही. तरी त्याला हे नाव पडलं. उभं गोल पिंप आणि खाली पितळी तोटी, यावरून कुणाला तरी पंपाची आठवण झाली असावी, असा माझा आपला अंदाज.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेर तांब्याचं पिंप, आत मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी. नळीत ढलप्या, शेणी, कोळसे टाकून पेटवायचं. जाळ नळीत आणि पाणी तिच्याभोवती, त्यामुळे उष्णता फुकट जात नाही. रशियातला चहाचा समोवार नेमका याच युक्तीवर चालतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत असे बंब ठोकून घडवले जायचे. कोल्हापूर-सांगलीकडे लाकडावरचे बंब अजूनही बाजारात दिसतात.

माझ्या आजीच्या घरी बंबाचं एकच शास्त्र होतं: जेवढं कढत काढलं तेवढं गार ओतायचं. बंब कोरडा पडला की डाग सुटायचा, मग तांबटाकडे हेलपाटा. कढत पाणी घंगाळात घ्यायचं आणि वरून विसण घालायचं. विसण हा शब्द माझ्या सुनेच्या पिढीला कळेल का, कोण जाणे. आजी पहाटे चारला उठून बंब पेटवायची. आधी आजोबा, मग काका, मग आम्ही पोरं. पेटवणारीच्या वाट्याला शेवटचं कोमट पाणी. जुन्या वस्तूंचं कौतुक करताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

बंबाचा धूर व्हायचा. म्हणून तो परसात, नाहीतर पडवीत. चुकून आत पेटवलाच तर डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा आणि माणूस आपसूक दार उघडायचं.

आता गीझरकडे येऊ. आइसलँडमध्ये जमिनीतून कढत पाण्याचा फवारा उसळतो, त्या एका झऱ्याचं नाव 'गेसिर', म्हणजे उसळणारा. १८६८ मध्ये इंग्लंडात बेंजामिन मॉन या गृहस्थानं गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. त्या यंत्राला जळलेला वायू बाहेर नेणारं धुराडंच नव्हतं. म्हणजे गीझर जन्माला आला तो गॅसचा, आणि धोका घेऊनच. विजेचे पुढे आले. अमेरिकेत त्या यंत्राला वॉटर हीटर म्हणतात, आपण मात्र दोन्हींना गीझरच म्हणतो.

माझं आजचं खरं बोलणं इथेच आहे. शब्द एक, यंत्रं दोन. "गीझर आहे आमच्याकडे" म्हटल्यावर कुठला, हे आपण विचारत नाही. विजेचा गीझर मोरीत टांगलेला पाहिला की गॅसचाही तिथेच टांगून घेतो. विजेच्या गीझरला अर्थिंग नीट हवं, आंघोळीआधी बटण बंद हवं. गॅसच्या गीझरचं तसं नाही. तो जळताना खोलीतली हवा खातो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्त प्राणवायू सोडून त्यालाच धरून बसतं. डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय गळतात आणि कडी काढायचं भान राहत नाही.

आमच्या गल्लीत एका नव्या सुनेचं असंच झालं. गीझर मोरीत, थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला. पाणी वाहतंय आणि आतून उत्तर नाही, हे नणंदेच्या लक्षात आलं. तिनं दार धडका देऊन उघडलं. पोरगी वाचली. बसवणाऱ्या माणसानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. घरचे आधी म्हणत होते, उपाशीपोटी आंघोळीला गेली म्हणून चक्कर आली.

तेव्हा गॅसचा गीझर असेल तर आजच बघा. तो मोरीबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि नळी आत न्या. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मग आत जा. झरोका बुजवू नका. एकामागून एक चौघांच्या आंघोळी त्याच कोंडलेल्या मोरीत नकोत. ज्योत निळी दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. कुणी आत पडलंच तर गॅस बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणूस मोकळ्या हवेत आणि लगेच दवाखाना. तोंडावर पाणी मारत वेळ घालवू नका.

त्या प्रकारानंतर आम्ही आमचा गीझर मागच्या बोळात नेला, जिथे पूर्वी सासूबाईंचा बंब असायचा. भिंतीवर काजळीचा डाग अजून आहे. आता मुलगा आंघोळीला निघाला की त्या स्वयंपाकघरातून विचारतात, "बंब बंद केला का गं?" मी बोळात जाऊन बघून येते, मगच हो म्हणते.