वस्तरा, चामडे आणि उपाली

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्रमांक १० च्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. ज्या नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या, त्यांत दमण व तापी यांच्यासह ‘दाहनुका’ हे नाव येते. संशोधकांनी ती डहाणूची खाडी मानली आहे. सोपाऱ्याहून भरुकच्छाकडे चारिका करणारा भिक्खू असे पाणी ओलांडताना आपले अष्टपरिष्कार जवळ बाळगी; त्यांत एक वस्तराही असे.

चुल्लवग्गात वस्तरा, त्याची सहाण, म्यान व सर्व ‘खुरभंड’ यांस अनुमती आहे. आणि ज्याचा हा पिढीजात व्यवसाय, त्या उपालीस शाक्य कुमारांनी आपल्याआधी प्रव्रज्या देवविली, जेणेकरून त्यास वंदन करताना त्यांचा कुलाभिमान गळावा. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांच्या प्रश्नांना विनयाची उत्तरे दिली ती याच उपालींनी.

सहाणेने धार निघते. चामड्याच्या पट्ट्याने ती सरळ होते. पट्टा ताणून धरावा, पाते आडवे टेकवून पाठ पुढे व धार मागे अशा रीतीने ओढावे आणि टोकाशी पाठीवरच उलटवावे. धार पुढे गेली की चामडे कापले जाते; पट्टा सैल सुटला की धार बोथट होते. डहाणू-तलासरीच्या पावसाळी हवेत तर चामड्यास बुरशी व पात्यास गंज, दोन्ही लवकर. म्हणून पट्टा कोरड्या फडक्याने पुसून टांगून ठेवावा, क्वचित तेलाचा हलका हात द्यावा. तेल अधिक झाले की चामडे मऊ पडते.

परंतु हे चामडे आले कोठून? मेलेले जनावर ओढले महारांनी, कातडे कमावले ढोरांनी, शिवले चांभारांनी. त्यांच्या हातच्या चामड्यावर वस्तरा रोज फिरे. त्यांच्या गालास लागताच तो बाटे! न्हावीही बलुतेदारच, गावाच्या धान्यावर जगणारा. गावाचा रोष त्यास परवडणारा नव्हता, हेही आम्ही नमूद करतो. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, साताऱ्यात न्हावी होते, त्यांना देण्यास पैसेही होते, तरी घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापीत असे. कारण अस्पृश्याची हजामत करण्यास कोणी न्हावी तयार नव्हता. या कामात ती चांगलीच निष्णात होती, असेही ते सांगतात.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येत केशकर्तनालयाचा उल्लेख नाव घेऊन करावा लागला.