उपचार म्हणून व्यायाम: कोणत्या आजारात कोणता, किती आणि कधी नाही

"रोज थोडं चालत जा" हा सल्ला दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला मिळतो. गोळीबद्दल असे कोणी सांगत नाही. "थोडी मेटफॉर्मिन घेत जा" असे डॉक्टर म्हणाले, तर रुग्णच विचारेल की किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर? व्यायाम उपचार म्हणून वापरायचा असेल तर त्याबाबतही हे प्रश्न विचारायला हवेत. कोणता व्यायाम, किती जोराने, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस आणि तो कधी वाढवायचा, हे आजारानुसार बदलते.

जोर किती, हे ओळखण्याची सोपी खूण अशी: चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम अशी आहे. यातला दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. आजारी माणसासाठी ही शिफारस म्हणजे गाठायचे ठिकाण समजावे. पहिल्याच दिवशी तिथे पोहोचायची घाई नको.

चालल्यावर पोटरी दुखते: थांबायचे की चालायचे?

काही अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे जाते आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर परत येते. हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांच्यात हा आजार अधिक आढळतो. "वयोमानाने होणारच" म्हणून तो बरीच वर्षे अंगावर काढला जातो. तपासणी सोपी आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी आले तर निदान पक्के होते.

घरची मंडळी म्हणतात, "पाय दुखतो तर कशाला चालता?" या आजारात मात्र दुखेपर्यंत चालणे हाच उपचार आहे. तीन ते पाच मिनिटांत दुखू लागेल अशा वेगाने चालायला सुरुवात करावी. दुखणे बऱ्यापैकी वाढले की थांबावे किंवा बसावे. ते पूर्ण गेले की पुन्हा चालावे. अशा फेऱ्या मिळून सुरुवातीला ३० मिनिटे, पुढे ४५ ते ६० मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस आणि किमान १२ आठवडे. शक्य असेल तर हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावे, कारण देखरेखीत केलेल्या व्यायामाचा परिणाम नुसत्या सल्ल्यापेक्षा बराच चांगला दिसतो. घरी करायचे असेल तर किती मिनिटांनी दुखू लागले, एवढे रोज वहीत लिहावे.

यामुळे रक्तवाहिनीतला अडथळा विरघळत नाही. पोटरीचे स्नायू मिळेल तेवढा प्राणवायू अधिक काटकसरीने वापरायला शिकतात, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुधारते आणि चालण्याची ढब बदलते. परिणामी न थांबता चालण्याचे अंतर वाढते. तंबाखू सुरू ठेवून मात्र यातून फार काही हाती लागणार नाही.

रात्री झोपेत पाय दुखणे, पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटणे, बोट काळे पडणे किंवा न भरणारी जखम यांपैकी काहीही असेल तर हा व्यायाम करू नये. अशा वेळी पाय वाचवण्यासाठी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे लगेच जावे.

गुडघे झिजले म्हणून बसून राहू नका

एक्स-रे पाहून "वाटी झिजली, वंगण संपलं" असे ऐकले की रुग्ण चालणेच बंद करतो. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. शिवाय सांध्याच्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडणे आणि सुटणे या क्रियेतून सांध्यातल्या द्रवाद्वारे तिचे पोषण होते. बसून राहिल्याने मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो आणि गुडघ्यावरचा भार सांभाळणारा आधारच जातो.

म्हणून गुडघेदुखीत पहिला व्यायाम मांडीसाठी. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच ते दहा सेकंद धरणे, उताणे झोपून सरळ पाय उचलणे आणि पुढे खुर्चीतून हातांच्या आधाराशिवाय उठबस. प्रत्येकी दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सोपे वाटू लागले की घोट्याला वजन बांधावे. वजन न वाढवता वर्षभर तेच करत राहिलात, तर ताकद एका मर्यादेवर थांबते. परिणाम जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणे पूर्ववत झाले, तर मात्रा योग्य आहे. २४ तासांनंतरही वाढलेलेच असेल तर फेऱ्या कमी कराव्यात, बंद करू नयेत. सांधा लाल, गरम झाला किंवा एकाएकी सुजला, तर आधी तपासणी.

मधुमेह

काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायामानंतर इन्सुलिनचा परिणामही साधारण २४ ते ४८ तास सुधारलेला राहतो. म्हणूनच रविवारी दोन तास ट्रेक आणि बाकी आठवडा खुर्चीत, हे इथे उपयोगाचे नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. साखर मुख्यतः स्नायूंतच वापरली जात असल्याने चालण्याच्या जोडीला ताकदीचे व्यायाम हवेतच.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर झालेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. त्यात आहार आणि व्यायामातील बदलांमुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनमुळे २६.४ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही एकत्र दिल्याने आणखी फायदा दिसला नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने फार उतरू शकते, कधी काही तासांनीही. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. पायाची संवेदना कमी असेल तर गवतावरही अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील, तर जड वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

हृदय, रक्तदाब आणि इतर

अठराव्या शतकात हृदयविकाराच्या छातीदुखीचे वर्णन करणारे इंग्रज डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी रोज अर्धा तास लाकूड कापून जवळजवळ बऱ्या झालेल्या एका रुग्णाची नोंद केली होती. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे पलंगावर पडून राहायला सांगत. आता झटक्यानंतर किंवा अँजिओप्लास्टीनंतर, प्रकृती स्थिर झाली की तपासणी करून देखरेखीखाली व्यायाम सुरू करतात. हृदयाचे पंपिंग कमी असलेल्या स्थिर रुग्णांनाही याने दम कमी लागतो. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी मंदावते, म्हणून त्या घेणाऱ्यांनी घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. वर सांगितलेली बोलण्याची खूण वापरावी.

उच्च रक्तदाबात नियमित व्यायामाने वरचा आकडा साधारण पाच ते आठने उतरतो. वजन उचलताना श्वास मात्र रोखू नये. जुनाट श्वासविकारात आणि सौम्य ते मध्यम नैराश्यातही व्यायामाचा उपयोग होतो.

वजनाचे गणित वेगळे आहे. नुसत्या व्यायामाने ते फारसे उतरत नाही, आणि काटा हलला नाही म्हणून अनेक जण व्यायाम सोडतात. साखर, रक्तदाब आणि सांध्यांना मिळणारा फायदा काट्यावर दिसत नाही, पण तो झालेला असतो.

कधी थांबावे

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, भोवळ, अनियमित धडधड किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवला तर तिथेच थांबावे. काही मिनिटांच्या विश्रांतीने बरे वाटले नाही, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. ताप असताना व्यायाम नको. व्यायामाने आकडे सुधारले तरी गोळ्या स्वतःहून कमी करू नयेत. पुढच्या भेटीला व्यायामाची वही आणि घरी मोजलेली साखर व रक्तदाब घेऊन या. डोस बदलायचा की नाही, हे त्या नोंदी पाहून ठरवता येते.