घंटा, खांदा आणि कॅमेरा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी लोहगडला गेलो होतो. आता मुंबईतल्या आयटीवाल्याने रविवारी लोहगडला जाणं यात सांगण्यासारखं काय आहे? अर्धं ठाणं आणि अर्धं हिंजवडी तिथेच सापडतं. पण या वेळी आमच्या बारा जणांपैकी पाच जणांना दिसत नव्हतं. माझ्याकडे दोन कामं होती. लालबागच्या एका काकांची जोडी सांभाळायची आणि येता-जाता सगळ्यांचे फोटो काढायचे.

काका बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. पहाटे दादरला भेटले, माझा खांदा चाचपला आणि म्हणाले, "उंची बरी आहे तुझी, चालेल." लोणावळा, तिथून पुणे लोकलने मळवली, मग चाल. माझ्या सॅकचा पट्टा धरून काका गड चढले. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही दरवाज्यांशी थांबून त्यांनी दगडावरून हात फिरवले. दोन बुरुजांमधल्या वळणावर मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, "इथे भिंत जवळ आली ना? आवाज बदलला."

परतीच्या गाडीत काकांनी फर्मान काढलं. "फोटो सांग बघू एकेक." मी सांगायला लागलो. काका दरवाज्यातून येताहेत, माझ्या मित्राच्या खांद्यावर हात आहे. काका पायऱ्या चढताहेत, पुढून कुणीतरी हात दिलाय. काका पाणी पिताहेत, बाटली कुणीतरी धरलीय. बरे आलेले सत्तेचाळीस फोटो होते. दहा-बारा ऐकून काका म्हणाले, "सगळ्या फोटोंत मला कुणीतरी नेतंयच का रे? मी कुठे कुणाला नेतोय असा एकही नाही?"

नव्हता. खरं तर उतरताना एका शेवाळलेल्या पायरीवर मीच घसरलो होतो आणि काकांनी माझी सॅक मागून धरली होती. त्याचा फोटो कोण काढणार? कॅमेरा माझ्या गळ्यात.

हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग नेहमीप्रमाणे मागे मागे जात खोदकाम केलं. त्यातून जे हाती लागलं ते असं.

सुरुवात दादरपासूनच होते, आणि तीही एका दुष्काळापासून. १८९९-१९०० चा तो भयंकर छप्पन्याचा दुष्काळ. त्यानंतर १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलर्ड बाईंनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. आज दादर पूर्वेला मुलींसाठी चालणारी कमला मेहता अंधशाळा ती हीच. देशातली पहिली अंधशाळा त्याआधी १८८७ मध्ये अमृतसरला निघाली होती. पुढे १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली. म्हणजे गिरगाव ते दादर या आपल्या रोजच्या पट्ट्यात सव्वाशे वर्षांपासून अंध मुलं शिकताहेत. मी आयुष्यात कितीदा ताडदेवहून गेलो असेन, पण या शाळेकडे मान वळवून पाहिल्याचं काही आठवत नाही.

त्या काळच्या अंधशाळा म्हटलं की कामं ठरलेली. वेताच्या खुर्च्या विणणं, विणकाम, गाणं-वाजवणं. यात वाईट काहीच नाही, पोटाला भाकरी मिळत होती. पण नीट बघा, ही सगळी एका जागी बसून करायची कामं आहेत. मूल सुरक्षित राहावं ही काळजी खरीच होती. मात्र तिचा अर्थ हळूहळू 'मूल जागचं हलू नये' असा होत गेला असावा. अक्षरओळख वाढली, १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी आली, १९५२ मध्ये मुंबईतच नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. पुस्तकं आली, नोकऱ्यांची दारं किलकिली झाली. डोंगर मात्र कुणाच्याच यादीत नव्हता.

गंमत अशी की नेमक्या त्याच वर्षांत याच शहराला डोंगराचं वेड लागत होतं. १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि त्याच साली मुंबईत गिरिविहार ही संस्था सुरू झाली. मग दादर, गिरगाव, परळच्या चाळींतून पोरं शनिवारी रात्री सॅक पाठीला मारून कर्जत-कसारा गाड्या पकडायला लागली. आपली पिढी त्याच परंपरेतली. फरक इतकाच की आपण जीपीएस बघत वाट चुकतो.

दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकमेकींपासून दोन-चार स्टेशनं अंतरावर घडत होत्या. पण त्यांची भेट व्हायला फार वर्षं लागली.

मधे एक माणूस असा होऊन गेला की त्याच्या एका वर्षात दोन्ही टोकं आली. मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया. कॅप्टन कोहलींच्या नेतृत्वाखालच्या १९६५ च्या भारतीय मोहिमेत नऊ जण एव्हरेस्टवर पोचले, त्यांतले हे एक. दिवस २९ मे. त्याच वर्षी पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना मणक्याला इजा करणारी गोळी लागली आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. त्यांनी पुढे दिल्लीत मणक्याच्या रुग्णांसाठी इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर हे रुग्णालय उभारलं. २०२२ मध्ये ते गेले. शाळेत एव्हरेस्टवीरांची नावं पाठ करताना हा उत्तरार्ध निदान मला तरी कुणी सांगितला नव्हता.

मग १९९८ ला टॉम व्हिटेकर कृत्रिम पायाने एव्हरेस्टवर गेला. २००१ च्या २५ मे रोजी एरिक वाइहेनमायर हा पूर्ण अंध अमेरिकन गिर्यारोहक माथ्यावर पोचला. त्याची पद्धत वाचली आणि मी खुर्चीतच सरसावून बसलो. पुढे चालणाऱ्याच्या सॅकला एक घंटा बांधायची. ती ज्या दिशेने वाजेल तिकडे जायचं. एरिकच्या हातात दोन काठ्या, त्यांनी पुढची जमीन चाचपायची. पुढचा माणूस बोलत राहतो, 'डावीकडे दरी', 'दोन पावलांवर उंच पायरी'. बस. यात महागडं तंत्र काहीही नाही. गुराख्याला जे माहीत असतं तेच, गळ्यातल्या घंटेवरून कळप कुठे आहे ते ओळखायचं. एवढी साधी युक्ती सापडायला १९५३ पासून जवळजवळ पन्नास वर्षं लागली, कारण अंध माणसाला तिथे जायचं असेल हे कुणाला सुचलंच नव्हतं!

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण काकांचा प्रश्न तोच होता.

एव्गेन बाव्चार नावाचा स्लोव्हेनियात जन्मलेला आणि पॅरिसला स्थायिक झालेला फोटोग्राफर आहे. लहानपणी दोन अपघातांत त्याची दृष्टी गेली. बहिणीच्या कॅमेऱ्याने त्याने पहिला फोटो काढला तो आवडणाऱ्या मुलीचा. (सगळ्यांचं तिथूनच सुरू होतं.) पुढे तो अंधाऱ्या खोलीत विषयाला हाताने चाचपून, हातातल्या दिव्याने हवा तिथेच उजेड टाकून फोटो काढायला लागला. त्याच्याबद्दल वाचून पार्थो भौमिक या फोटोग्राफीच्या नादिक मुंबईकराने २००६ मध्ये 'ब्लाइंड विथ कॅमेरा' हा उपक्रम सुरू केला. कुठे? ताडदेवच्या त्याच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळेबरोबर. जिथे एके काळी बसून करायची कामं शिकवली जायची, तिथे शंभर वर्षांनी मुलांच्या हातात कॅमेरे आले.

न बघता फोटो काढायचा तरी कसा, हा माझाही पहिला प्रश्न होता. त्याला तंत्र आहे. ऊन चेहऱ्याच्या कुठल्या बाजूला लागतंय त्यावरून प्रकाशाची दिशा कळते. समोरच्याचा आवाज किती लांबून येतो त्यावरून अंतर. जवळची वस्तू आधी हाताने मापून घ्यायची. कॅमेरा छातीशी किंवा कपाळाशी टेकवला की तो शरीराच्या दिशेने राहतो. आणि शेवटी कुणीतरी तो फोटो शब्दांत सांगायचा, मग काढणारा ठरवतो की जमला की नाही. डोळस माणूस इथे लागतो, पण मदतनीस म्हणून. काय टिपायचं ते दुसराच ठरवतो.

२०१४ मध्ये पुण्याला दिव्यांशु गणात्रा यांनी अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स ही संस्था काढली. ते स्वतः अंध, आणि पॅराग्लायडिंग करणारे. मनाली ते खारदुंगला अशा जोडसायकल मोहिमा त्यांनी केल्या. पुढे बसणारा हँडल धरतो, मागचा पायडल मारतो, आणि चढावर दोघांचाही श्वास सारखाच फुलतो. त्यांचा आग्रह आहे तो डोळस आणि अंध यांनी एकत्र खेळण्याचा. 'त्यांच्यासाठी' वेगळी सहल काढण्यापेक्षा हे अवघड आहे.

आणि कायदा? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मी कुतूहल म्हणून उघडला. कलम २९, संस्कृती आणि करमणूक. त्यात सरकारने कशाकशाला उत्तेजन द्यायचं याच्या यादीत मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम चक्क शब्दांत लिहिलेले आहेत. म्हणजे काका लोहगडला आले ते कुणाच्या चांगुलपणामुळे नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. लोहगडाला २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाचं बिरुदही मिळालं. वारसा सगळ्या जगाचा असेल तर त्यात लालबाग यायला हरकत नसावी. त्याच वर्षी मे महिन्यात किन्नौरची छोन्झिन आंगमो एव्हरेस्टवर पोचली, तिथे जाणारी पहिली अंध स्त्री. युनियन बँकेत नोकरी करते. ही बातमी काकांनीच मला सांगितली होती, "आपल्या बँकवाली आहे" असं म्हणून.

असो. तर एवढं सगळं वाचून मी काकांना फोन केला आणि म्हटलं, पुढची सहल तुम्ही न्या. काका म्हणाले, "डोंगर तुझा, लालबाग माझं. ये रविवारी."

गेलो, आम्ही सहाजण. काकांच्या मागून. गिरण्या चालू असतानाचे भोंगे कुठला कुठून यायचा हे ते हात करून दाखवत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतरची शांतता कशी होती तेही सांगितलं. "लोकांना चिमणीतून धूर दिसेना म्हणून कळलं. मला सकाळ झाली तेच कळेना." चिवडा गल्ली त्यांना वासावरून दोन वळणं आधी लागली. मसाल्याच्या दुकानाशी ते थांबले, माझा कॅमेरा मागून घेतला, छातीशी टेकवला आणि कुटायच्या यंत्रांच्या धपधप आवाजाच्या रोखाने चार फोटो काढले. तीन हललेले. चौथ्यात मिरचीच्या ढिगात गेलेला एक लालबुंद हात आहे, बाकी फ्रेमबाहेर. मी असता तर दुकानाची पाटी घेतली असती.

फोटो सांगितल्यावर काका म्हणाले, "हात आला ना? मग झालं."

एक कबुली देऊन थांबतो. आम्ही हापिसात जे पडदे बनवतो त्यात प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन लिहायची एक जागा असते. ती वाचून दाखवणारी सोय काका रोज मोबाइलवर वापरतात. दहा वर्षं झाली नोकरीला, घाईच्या नावाखाली ती जागा मी बहुतेक वेळा रिकामी सोडत आलोय. सध्या लोहगडाच्या सत्तेचाळीस फोटोंना दोन-दोन ओळी लिहायला घेतल्यात. एकोणीस झालेत. काका रोज रात्री तपासतात आणि 'मदत' हा शब्द आला की परत पाठवतात.