झिजलेले गुडघे, वनौषधी आणि तुलनात्मक चाचण्या : महाराष्ट्रातील प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा (१९९१ ते २०१३)

सोलापूरहून पुण्याकडे जाताना जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर, उजनी जलाशयालगत भिगवण हे गाव लागते. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली येथे घरोघरी पाहणी झाली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्के लोकांना, सांधे व स्नायूंच्या वेदना असल्याचे आढळले. या वेदनेवर वनौषधी घ्यावी की डॉक्टरी गोळी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा श्रद्धेने सोडविला जातो. तो मोजमापाने सोडविण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथम शब्दाविषयी. बोलीभाषेत ‘संधिवात’ म्हणजे कोणतेही सांधेदुखीचे दुखणे. माधवनिदानात मात्र ‘आमवात’ स्वतंत्रपणे वर्णिलेला आहे. येथे विचार केवळ सांध्यांच्या झिजेचा आहे.

१९९१ मध्ये पुण्यातील संशोधकांनी अश्वगंधा, शल्लकी, हळद व जस्त यांच्या मिश्रणाची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण ४२ होते. वेदना घटल्या, क्ष-किरण चित्रात लक्षणीय फरक दिसला नाही. २००३ मध्ये नागपूरच्या ३० रुग्णांवरील चाचणीत केवळ शल्लकीचा, म्हणजे आपल्या सालईच्या डिंकाचा, अर्क वापरला गेला. निष्कर्ष तोच : दुखणे कमी झाले, क्ष-किरण चित्र बदलले नाही. मात्र या दोन्ही चाचण्यांत तुलना औषधरहित गोळीशी होती, प्रचलित औषधाशी नव्हे.

दरम्यान सप्टेंबर २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक हृदयविकाराच्या धोक्यामुळे उत्पादकाने जगभरातून मागे घेतले. पर्यायाची निकड त्यामुळे अधिक जाणवू लागली.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली, डॉ. चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याची झीज असलेल्या ४४० रुग्णांना २४ आठवडे सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांवर आधारित दोन योग, ग्लुकोसामाइन किंवा सेलेकॉक्सिब यांपैकी एक औषध देण्यात आले. कोणाला काय मिळते आहे हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक नव्हते. वेदनाशमनात वनौषधी सेलेकॉक्सिबच्या तोडीस तोड ठरल्या.

हा निष्कर्ष वृत्तपत्री उत्साहाने वाचू नये. या चाचणीत औषधरहित गट नव्हता. शिवाय २००६ मध्ये अमेरिकेतील १,५८३ रुग्णांच्या चाचणीत ग्लुकोसामाइन एकूण रुग्णांत औषधरहित गोळीहून सरस ठरले नव्हते. तेव्हा त्याच्याशी बरोबरी हा मोठा पुरावा नव्हे. सेलेकॉक्सिबशी बरोबरीचे मोल निश्चितच अधिक आहे.

तथापि प्रस्तुत लेखकास दुसरी नोंद अधिक महत्त्वाची वाटते. वनौषधी घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एका विकराचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांना त्रास जाणवला नाही, परंतु रक्त तपासले नसते तर हे कळलेही नसते. ‘झाडपाल्याला अपाय नसतो’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य वनौषधींची गुणवत्ता दाखविणाऱ्या त्याच चाचणीत टिकले नाही, आणि ही नोंद वनौषधींचा पुरस्कार करणाऱ्या संशोधकांनी स्वतःच प्रसिद्ध केली.